डावीकडची झीज

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं. एक्केचाळीस वर्षं
रविवार कारंज्याजवळच्या दीड खणाच्या खोलीत
मी परक्यांच्या कवळ्या घासल्या.
डॉक्टर प्लास्टरमध्ये माप पाठवायचे, वर चिठ्ठी:
श्रीमती कोठुळे. वरचा जबडा. घाई आहे.
माणूस कधी दिसायचा नाही,
नुसता त्याच्या तोंडाचा साचा.

मशीन विकलं आणि बोटं रिकामी झाली.
तेव्हापासून दात जमवतो. जुने. फार जुने.

पहिला मिळाला नांदूर मध्यमेश्वरला,
एका कोळ्याने जाळ्याला वजन म्हणून बांधलेला:
हत्तीची दाढ, चपलेएवढी, दगड झालेली,
वर खवणीसारख्या ओळी, एका टोकाला पार सपाट.
गवत चावून चावून सपाट. गवताबरोबर रेतीही गेली असणार.
त्याला शिशाची नवी माळ घेऊन दिली, दाढ पिशवीत टाकली.
हे खायचे दात.
दाखवायचे कुठे गेले ते गोदेला ठाऊक.

डायनोसॉर मात्र आपल्याकडे नाही.
मुश्ताक पिंजारी सारूळच्या खाणींतून स्फटिक गोळा करतो,
तो म्हणतो, सुरुंग उडाला की काळ्या दगडाच्या पोटातून
हिरवी फुलं निघतात, काचेची. हाड एक नाही.
अहो दुसाने, हा दगड उकळत आलेला,
त्यात कोणाचं काय शिल्लक राहणार?

मागच्या वर्षी तो प्रदर्शनासाठी परदेशी गेला
आणि येताना माझ्यासाठी एक दात घेऊन आला,
कुठल्याशा वाळवंटातला, अत्तराच्या डबीत, कापसात.
बोटभर लांब. मागच्या कडेला बारीक करवत.
भिंगाखाली धरला आणि मला हसू फुटलं.
खालचा निम्मा डिंक आणि वाळू!
माझ्यासारखाच कोणीतरी, कुठल्यातरी गल्लीत,
दिव्याखाली मान मोडून रंग जुळवत बसला असेल.
छान जुळवला होता.
मुश्ताकला बोललो नाही.

रात्रभर कोमट पाण्यात ठेवला.
सकाळी खरा तेवढा उरला, अंगठ्याच्या नखाएवढा.
त्याला मूळच नव्हतं. तुटल्याची खूणही नव्हती.
खाली वाटीसारखा खळगा, कड गुळगुळीत,
आतून विरघळून गेल्यासारखा.
म्हणजे खालून नवा दात रेटत होता,
आणि हा जेवता जेवता गळून पडला.
जनावर पुढे चालू लागलं असेल, तोंड पुसायलाही न थांबता.
आपण ज्याला अवशेष म्हणून कापसात ठेवतो
ते त्याचं उष्टं होतं.

मग नादच लागला. भिंग हातात आलं की
आधी झीज बघायची. कोण काय खायचं,
कोणत्या बाजूने, किती वर्षं.

परवा कपाटात स्टीलची डबी सापडली.
रत्नप्रभाची कवळी. माझ्याच हातची.
तिचं माप मी स्वतः घेतलं होतं,
तेवढं एकच तोंड मी उघडलेलं पाहिलं, कामासाठी.
सहज म्हणून भिंगाखाली धरली.

डाव्या दाढा बशीसारख्या खोल झिजलेल्या.
उजव्या कोऱ्या. काल बसवल्यासारख्या.

उजवीकडे हिरडीला टोचत असणार. केसभर. माझी चूक.
नऊ वर्षं मी समोर बसून विचारायचो,
बसलीय ना गं नीट?
ती मान डोलवायची,
घास डाव्या गालात सरकवत.
आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कोणाला.
तेही कवळी करणाऱ्याला.

कानस उचलली. उजवी कड बोटाने चाचपली.
मग कानस खाली ठेवली
आणि हत्तीच्या दाढेला लिहिली तशीच चिठ्ठी लिहिली:

रत्नप्रभा दुसाने. खालचा जबडा.
तांबट लेन, नाशिक.
डावीकडून जेवायची.